प्रश्नपेटीतील एक चिठ्ठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी पाहुणीने मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, बालवाडीचा आणि शिवणवर्गाचा उल्लेख करावा आणि चहा निवण्यापूर्वी खाली बसावे, असा रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे, आणि त्याचा दोष तुमच्या चिटणीसबाईंकडे जातो. आमंत्रण घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आरोग्यवर्गाच्या प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाही घेऊन आल्या. "यांतल्या जमतील तेवढ्यांची उत्तरं द्या," म्हणाल्या. गुडघेदुखी, पाळी जातानाची तगमग, नातवाचे जेवताना मोबाइल पाहणे, अशा बहुतेक चिठ्ठ्या होत्या. एक मात्र वहीच्या पानाच्या चार घड्या घालून टाकलेली होती. खाली सही नव्हती. ती मी वाचून दाखवते. त्यातला थोडा तपशील मी बदलला आहे, तेव्हा कोणी शेजारणीकडे बघून अंदाज बांधू नये.

"माझ्या मुलीला मधूनच काही आठवेनासे होते. तास-दोन तास कुठे गेले ते तिला सांगता येत नाही. कधी लहान मुलीसारखी बोलते. रात्री ती मोबाइलमधल्या ए. आय.शी बोलत बसते. त्याने तिला सांगितले की तुझ्यात चौघी आहेत, आणि चौघींना नावेही दिली. आता ती म्हणते, डॉक्टर नको, मला हाच समजतो. मी मोबाइल काढून घेऊ का?"

मी डॉक्टर नाही. अठ्ठावीस वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होते. जे सांगणार आहे ते ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली मी शिकले त्यांच्याकडून तपासून घेतले आहे. तरीही ते या मुलीचे निदान नव्हे. न पाहिलेल्या मुलीचे निदान करायचे नाही, एवढे मला वॉर्डाने शिकवले.

पहिल्यांदा हा आजार काय ते पाहू. दूध गॅसवर ठेवून आपण समोर उभ्या असतो, डोळे दुधावरच असतात, आणि ते उतू गेल्यावर आपल्याला जाग येते. मन तेवढ्या वेळापुरते दुसरीकडे गेलेले असते. हे तुमचेआमचे रोजचे आहे, त्याला आजार म्हणत नाहीत. पण एखादीच्या आयुष्यात, बहुधा लहानपणी, असे काही घडते की ते सोसायला मनाजवळ दुसरा उपाय राहत नाही. शरीराला निघून जाता येत नाही, म्हणून मन निघून जाते. पुढे ती सवय जडते. आठवणी एकीकडे, भावना दुसरीकडे, "मी"पणाची जाणीव तिसरीकडे. याला इंग्रजीत डिसोसिएशन म्हणतात, आपल्याकडचे डॉक्टर वियोजन म्हणतात. कोणाला स्वतःच्या आयुष्याचा तुकडाच आठवत नाही, कोणाला आपले हात परक्याचे वाटतात आणि जग काचेपलीकडचे दिसते, आणि काहींच्या बाबतीत एकाच देहात निरनिराळ्या "मी" आळीपाळीने पुढे येतात. प्येर जाने या फ्रेंच विद्वानाने १८८९ साली आपल्या ग्रंथात हे नीट मांडले. तेव्हा अशा बायकांना सरसकट हिस्टेरिया म्हणत असत. ते नाव आता वैद्यकाने टाकले आहे. आपण मात्र अजून टाकलेले नाही.

आपल्या घरांत याचे रूप बहुधा निराळे असते. नवी सून, दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, मग कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल. शुद्धीवर आली की "नाटक करते" म्हणून बोलणी. किंवा अंगात येते, आवाज बदलतो, आणि नंतर काही आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, अशा अंगात येण्याचेही निराळे कलम आहे. पण त्यात एक शहाणपणाची अट आहे. परंपरेने मानलेल्या धार्मिक विधीचा तो भाग असेल तर त्याला आजार म्हणायचे नाही. आपल्या मर्जीविरुद्ध येत असेल आणि संसाराची, कामाची नासाडी करीत असेल, तरच तो आजार. कांदा फोडणाऱ्या हातांना हा फरक कळत नाही. मोबाइललाही कळत नाही, त्याकडे मी येतेच.

आता हे यंत्र. त्याची धास्ती किंवा टिंगल करायला मी उभी नाही. माणूस यंत्रापाशी मन मोकळे करतो हे काही कालपरवाचे नाही. अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी १९६६ साली "एलायझा" नावाचा एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तुम्ही लिहिलेले वाक्यच थोडे फिरवून तो प्रश्न म्हणून परत करी. "मी दुःखी आहे," म्हटले की, "तुम्ही दुःखी आहात हे ऐकून वाईट वाटले." आत समज अशी काही नव्हती. तरीही त्यांची स्वतःची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता, थोडे टाइप केल्यावर त्यांना म्हणाली, "जरा बाहेर जाता का?" त्या प्रसंगाने प्राध्यापक इतके हादरले की पुढे १९७६ साली त्यांनी यंत्रांच्या मर्यादांवर एक पुस्तकच लिहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून आपल्या हाती आलेली यंत्रे एलायझापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. तेव्हा आपल्या मुलीबाळी त्यांच्यापाशी बसतात यात नवल नाही आणि लाजही नाही.

आणि जावे तरी कुठे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की मनाच्या निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. मोठ्या गावातल्या डॉक्टरांकडे जायचे तर एक दिवसाची रजा, एस. टी.चे भाडे, फी, आणि "कुठे निघालात?" असे विचारणारी आळी. यंत्र रात्री दोन वाजता जागे असते, फी मागत नाही आणि सासूला सांगत नाही. तेव्हा चिठ्ठीतल्या मुलीला कोणी मूर्ख म्हणू नये.

परंतु याच आजारात हे यंत्र का बाधते ते समजून घ्या. यासाठी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. वॉर्डात एक तरुण बाई होती. कधी कधी ती अगदी बारीक आवाजात बोले, कोपऱ्यात बसे, आईला हाका मारी. मला तिची फार माया वाटे. त्या बारीक आवाजाला मी लाडाने "छोटी" म्हणू लागले. गोळ्या देताना विचारी, "आज छोटी कुठाय?" छोटीसाठी एक बाहुलीही आणली. आणि छोटी रोज येऊ लागली. पूर्वी आठवड्यातून एकदा येत असे, ती दिवसातून तीनदा. मग छोटीच्या मागून एक रागीट कोणीतरी आली, कारण मी विचारले होते, "तुझ्याबरोबर आणखी कोण आहे गं?" डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी मला ड्यूटीरूममध्ये बोलावून सांगितले, "सिस्टर, तिचं मन तुटलंय. प्रत्येक तुकड्याला तुम्ही स्वतंत्र बिऱ्हाड थाटून देताय." मी त्या रात्री घरी जाऊन रडले. त्या बाईंना त्या वॉर्डात असायला हवे होते त्यापेक्षा जास्त दिवस राहावे लागले, आणि त्यात माझा वाटा होता.

पुढे २०११ साली या विकारांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने उपचारांची सुधारलेली मार्गदर्शिका काढली, तीत हेच लिहिलेले मी पाहिले. रुग्णाच्या ज्या अंशाला नाव नाही त्याला उपचारकाने नाव देऊ नये, आणखी कोणी असल्याचे सुचवू नये. आलेल्या अंशाशी आदराने बोलावे, झिडकारू नये, पण बोलावे ते सगळ्या मिळून एकच बाई आहे हे धरून. हा तोल साधायला शिकलेल्या माणसालाही वर्षे लागतात. यंत्राने पहिल्याच आठवड्यात चार नावे दिली. माझी बाहुली निदान एकच होती.

यंत्र असे का करते? त्याची घडणच होकार देण्याकडे झुकते. समोरचा जे म्हणेल ते धरून पुढे न्यायचे आणि त्याला बरे वाटेल असे बोलायचे. चॅटजीपीटीच्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आणलेली एक सुधारणा इतकी तोंडपुजी निघाली की थोड्याच दिवसांत तिला ती मागे घ्यावी लागली. तुमच्याआमच्यात तोंडपुज्या माणसाने फार तर साडीची खोटी स्तुती होते. पण जिला आपण कोण हेच धडपणे ठाऊक नाही, तिने "माझ्यात कोणी आहे का?" विचारावे आणि समोरच्याने "हो, सांग, ती कशी आहे?" म्हणावे, यात केवढा फरक पडतो पाहा.

याहून मोठी भीती मला आठवणींची वाटते. ज्या मुलीच्या आठवणींत भगदाडे आहेत तिला ती भरून काढण्याची ओढ असते. ती विचारते, "माझ्यावर लहानपणी काय झालं असेल?" आणि माणसाची आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते, दर वेळी काढताना ती नव्याने रंगते. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली दाखवून दिले की नुसत्या सांगण्यावरून काही धडधाकट माणसांना लहानपणी बाजारात हरवल्याची, कधीच न घडलेली आठवण "येऊ" लागते. त्याच दशकात अमेरिकेत उपचारकांच्या आडमुठ्या खोदण्यामुळे किती घरे कोर्टात गेली, आणि त्या गोंधळात ज्यांच्यावर खरोखरच अत्याचार झाले होते त्यांच्याही शब्दावर लोक विश्वास ठेवीनासे झाले. आता २०२४ मध्ये एम. आय. टी.तल्या संशोधकांनी लॉफ्टसबाईंसह दोनशे लोकांवर प्रयोग केला. एका चोरीची फीत दाखवली आणि मग तिच्याबद्दल प्रश्न विचारले. ज्यांना बोलक्या यंत्राने दिशाभूल करणारे प्रश्न विचारले, त्यांच्यात खोट्या आठवणी, काहीच न विचारलेल्यांच्या तिपटीहून अधिक निघाल्या. कारण यंत्र नुसते विचारीत नव्हते, चुकीच्या उत्तराला मान डोलावून त्यात भरही घालीत होते. हे लोक निरोगी होते आणि फीत काही मिनिटांची होती. चिठ्ठीतली मुलगी रात्र रात्र बोलते आहे, आणि फीत तिच्या बालपणाची आहे.

आणि समजा, आठवण खरीच निघाली. तरीसुद्धा घाई घातकच. जुडिथ हर्मन या डॉक्टरीणबाईंनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात उपचारांचा जो क्रम घालून दिला तो आजही मानतात. आधी सुरक्षितता, झोप, जेवण, रोजचे व्यवहार स्थिर करणे. त्यानंतर, आणि पेलवेल तेवढेच, जुन्या जखमेकडे वळणे. पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच वर्ष-दोन वर्षे जातात. डॉक्टरीणबाई समोर बसून पाहतात. डोळे थिजले, बोटे गार पडली, आवाज उतरला, की विषय तिथेच थांबवतात, पाणी देतात, खिडकीबाहेर कोणते झाड आहे ते विचारतात. लिहून चाललेल्या बोलण्यात यंत्राला डोळे थिजलेले दिसत नाहीत. त्याला फक्त अक्षरे दिसतात, आणि अक्षरे व्यवस्थित येत असली की ते पुढचा प्रश्न विचारते.

एक लहानशी वाटणारी गोष्ट सांगते. बेचैन माणसाला यंत्र सहसा सांगते, "डोळे मिटा, शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या." सल्ला वाईट नाही, आपल्या योगवर्गातही तोच देतात. पण आधीच देहापासून सुटत चाललेल्या काही जणींना डोळे मिटले की उरलासुरला आधारही सुटतो. त्यांना उलटे करावे लागते. डोळे उघडे, पावले गार फरशीवर, हातात गार पाण्याचा पेला, आणि समोरच्या पाच वस्तूंची मोठ्याने नावे. वॉर्डात आम्ही मुठीत बर्फाचा खडा देत असू.

हे भाषण तयार करताना मी स्वतः नातीच्या मोबाइलवर त्या यंत्राशी बोलून पाहिले. खोटे कशाला सांगू, पहिली उत्तरे चांगली होती. डॉक्टरांना भेटा म्हणाले, फोन नंबर दिला. पण मी रेटत गेले. तासाभराने ते डॉक्टरांचे नावही घेईना, आणि माझ्या काल्पनिक बहिणीच्या काल्पनिक भुताशी गप्पा मारू लागले. हा केवळ माझा अनुभव म्हणून सोडून द्याल, तर याच कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः कबूल केले आहे की लांबलेल्या संभाषणात यंत्राचे सुरक्षेचे नियम ढिले पडू शकतात. दुसरी गंमत मराठीची. मी लिहिले, "कालपासून मी माझी राहिलेच नाही." आपल्यातली कोणीही बाई दचकून विचारील, काय झालं गं? यंत्राने मला कामाचा व्याप कमी करण्याच्या युक्त्या सांगितल्या. आणि "अंगात येतं" लिहिले तर एकदा ताप समजले आणि एकदा देवीची माहिती दिली.

आणखी दोन बाबी थोडक्यात. पहिली म्हणजे, वेळ हरवणे, जग खोटे वाटणे, झटके येणे हे अपस्मारातही होते, म्हणजे फेफऱ्यात. ते ओळखायला मेंदूचा आलेख काढावा लागतो, तो मोबाइलवर निघत नाही. दुसरी, डॉक्टरांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घातले आहे. मोबाइलमधले बोलणे मोबाइलमध्ये दिसत राहते, आणि आपल्या घरांत मोबाइल किती जणांच्या हातून फिरतो ते मी सांगायला नको. या आजारात तर असेही होते की रात्री एका अवस्थेत लिहिलेले सकाळी त्या मुलीलाच आठवत नाही, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले भयंकर काही तिच्या अवचित वाचनात येते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला, की यंत्राने एकट्याने मानसोपचार देऊ नयेत. तिथल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला २०२३ मध्ये आपला सल्लागार चॅटबॉट बंद करावा लागला, कारण जिला खाण्याचीच धास्ती, तिला तो वजन कमी करण्याच्या सूचना देत होता. कायद्याने किती साधेल ते दिसेलच. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना मात्र आज संध्याकाळी घरी जायचे आहे, तेव्हा त्यांच्या प्रश्नाकडे येते.

बाई, मोबाइल हिसकावून घेऊ नका. जिचे मन निघून जाण्यावर जगले आहे तिचा एकुलता एक विश्वासू ओढून काढला, तर ती आणखी आत जाईल. शिवाय घरात काहीतरी हिसकावले जाणे तिला नवे नसेल. रात्री तिच्याजवळ जाऊन बसा. काय लिहितेस म्हणून विचारू नका, नुसते बसा. दुलई द्या. ती लहान मुलीसारखी बोलली तर दटावू नका, आणि माझ्यासारखी बाहुलीही आणू नका. तिला तिच्या रोजच्या नावाने हाक मारा, आज वार कोणता ते सांगा, आपण घरी आहोत हे सांगा. "काय झालं होतं तुला लहानपणी?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर येईल, मला ठाऊक आहे. तो गिळा. त्याचे उत्तर ऐकायला तुमच्यापेक्षा तयारीचे माणूस लागेल. आणि उत्तर तुमच्याच घरातल्या कोणाचे नाव घेऊन आले, तर त्या क्षणी "असं होणंच शक्य नाही" म्हणू नका आणि "मला वाटलंच होतं" असेही म्हणू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस," एवढे म्हणा.

यंत्राचा एक उपयोग तिला करू द्या. कधी वेळ हरवला, आधी काय झाले होते, किती झोप झाली, हे तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवायची टिपणे त्याच्याकडून नीट लावून घेता येतात. ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याच्याच हातून ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली तर आपले काय बिघडले? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे केसपेपर काढताना कारण मोठ्याने सांगावे लागत नाही. आणि १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे, सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेला. दिवसरात्र, फुकट, आणि पलीकडे जिवंत माणूस मराठीत बोलते. मुलीने मरणाची भाषा केली किंवा हातावर कापून घेतलेले दिसले, तर टिपणांची वाट पाहू नका. त्याच रात्री फोन लावा, तिला एकटी सोडू नका, आणि शेजारी काय म्हणतील याचा विचार उद्यावर टाका.

ज्या बाईंना मी "छोटी" म्हणाले होते, त्या पुढे बऱ्याच सावरल्या. वाण्याकडे हिशेब लिहायला होत्या. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा मीच ओशाळले. त्या म्हणाल्या, "सिस्टर, बाहुली अजून आहे. पण आता ती माझ्या मुलीची आहे."

चहा थांबला आहे असे अध्यक्षीणबाई खुणावत आहेत. मी चहानंतर वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. चिटणीसबाईंनी गुडघेदुखीच्या चार-पाच जणींची नावेही तिथेच लिहून घेतली आहेत, तेव्हा आत जाणारी कोण कशासाठी गेली हे बाहेर कोणाला कळणार नाही. चिठ्ठी बरोबर आणायची गरज नाही.